दोन दिवसांचा पाहुणा

“दारात थांबते. बाहेर बघते. काही बोलत नाही,” प्रॉसरबाईंनी खणखणीत आवाजात वाचलं आणि चष्म्यावरून समोर पाहिलं. “हं. आता तुमचं.”

ऑब्री वेदरॉलने हात लांब करून टेबलावरच्या फोनमधलं चित्रण बंद केलं. साखरेच्या डब्याला टेकवून उभा केलेला तो फोन घसरून आडवा झाला.

“कंसातलं वाचायचं नसतं, मिसेस प्रॉसर. ते नटीनं करायचं असतं.”

“मग थांबू दारात?”

“नको, नको. तुम्ही चित्रात येणारच नाही आहात. फक्त तुमचा आवाज.”

“म्हणजे काही करायचंही नाही आणि दिसायचंही नाही. मग सकाळी केस कशाला सेट करून घेतले मी?”

ऑब्रीला हसू आलं. ते त्याने गालातल्या गालात दाबलं आणि फोन पुन्हा डब्याला टेकवला. अकरा वर्षं दोघं एका इमारतीत राहत होते. तो वरच्या मजल्यावर, त्या खाली. एवढ्या काळात हवा, कचऱ्याचे डबे आणि जिन्यातला दिवा यांपलीकडे बोलणं गेलं नव्हतं. प्रॉसरबाई मूळच्या वेल्समधल्या. नवरा गेल्यावरही इथे वर्दिंगमध्येच राहिल्या, समुद्रावर फिरायला बरं पडतं म्हणून. शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांची हयात गेली होती आणि चारशे पोरांच्या गलक्यावर चढवलेला आवाज अजून खाली उतरला नव्हता.

पूर्वी भूमिकेसाठी लंडनला बोलावणं यायचं. बाकावर आपल्याच वयाचे, आपल्यासारखेच दिसणारे चार नट भेटायचे. निवड होवो न होवो, नंतर एकत्र बसून एकेक ग्लास बिअर व्हायची. आता सगळं घरूनच. प्रसंग फोनसमोर करायचा आणि पाठवून द्यायचा. समोरच्या पात्राचे संवाद वाचायला मात्र कुणीतरी माणूस लागतं, ते ज्याचं त्याने शोधायचं. ऑब्रीसाठी ते काम त्याचा जुना नटमित्र, ब्रायटनचा डेन्झिल, करायचा. डेन्झिल वसंतात गेला. या नव्या चित्रपटाची पानं आली तेव्हा ऑब्रीने मनातल्या मनात ओळखीची माणसं चाळून पाहिली. कुणी वारलेलं, कुणी परदेशी, कुणाशी इतक्या वर्षांत बोलणं नाही. शेवटी कचरा टाकायला उतरलेल्या प्रॉसरबाईंना त्याने जिन्यात गाठलं आणि विचारलं, तेही अशा चाचरत्या आवाजात, की त्यांना वाटलं हा पैसे उसने मागतोय.

“पुन्हा घेऊ,” तो म्हणाला. “तुम्ही नेल. अकरा वर्षांपूर्वी घर सोडून गेलात. मी एडविन, तुमचा नवरा, कालव्यावरचे पाण्याचे दरवाजे सांभाळणारा. दार वाजतं. मी उघडतो. दारात तुम्ही.”

“का सोडून गेले होते मी?”

“ते या पानांत नाही.”

“त्याचंच काहीतरी चुकलं असणार,” प्रॉसरबाई म्हणाल्या आणि पान डोळ्यांशी नेलं.

ऑब्रीने श्वास घेतला, फोनच्या डोळ्यात न बघता त्याच्या शेजारी पाहिलं आणि म्हणाला, “कुठे होतीस?”

प्रॉसरबाई पुढचं वाचायचं सोडून त्याच्याकडे टक लावून पाहत होत्या.

“काय झालं?”

“राग नका मानू. पण तुम्ही पोलिसासारखं विचारलंत. बायको परत आलीये हो तुमची. खून नाही केलेला तिनं.”

राग मानण्यासारखं त्यात काही नव्हतं, कारण ते खरं होतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत ऑब्रीने “कुठे होतात?” हा प्रश्न पडद्यावर कितीदा विचारला असेल याची गणती नव्हती, आणि बहुतेक वेळा अंगावर गणवेश होता. बर्नलीच्या पावरोटीवाल्याचा हा मुलगा नाटकमंडळ्यांतून फिरत फिरत टीव्हीपर्यंत पोहोचला, आणि मग तिथे त्याच्या चेहऱ्याची एक जागा ठरून गेली. रविवार रात्रीच्या एका मालिकेत सहा वर्षं तो सार्जंट पिम होता. मुख्य इन्स्पेक्टरसाठी मोटारीचं दार उघडणारा. त्याशिवाय डॉक्टर, बटलर, न्यायाधीश, बँकेतला माणूस. आणि पाद्री तर इतक्यांदा, की पडद्यावरच्या निम्म्या इंग्लंडची लग्नं आपणच लावली असं तो म्हणायचा. काम बहुधा दोन दिवसांचं. पहिल्या दिवशी सगळ्यांची नावं शिकायची, दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा निरोप घ्यायचा. शेवटच्या दिवशीची मेजवानी त्याच्या वाट्याला कधी आलीच नाही. तोवर तो दुसऱ्या कुणाच्या घरात वाईट बातमी सांगत असायचा.

चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा आणि नाव कुणालाच ठाऊक नाही, अशी त्याची गत होती. दुकानात माणसं थबकायची. तुम्ही आम्हाला भूगोल शिकवायला होतात ना? तुम्ही हॉलंड रोडला दातांचे डॉक्टर ना? आधी आधी तो खुलासा करायचा. मग लोक हिरमुसायचे. पुढे पुढे तो नुसतं “हो, कसं चाललंय?” म्हणायला लागला. एकदा स्टेशनवर एका बाईने त्याचा हात दोन्ही हातांत धरला होता. रोनल्ड गेला त्या दिवशी तुम्ही माझ्याशी किती मायेनं बोललात, ती म्हणाली. कोण रोनल्ड, कुठला डॉक्टर, ऑब्रीला काय ठाऊक. “शूर होता रोनल्ड,” तो म्हणाला. मग गाडीत बसल्यावर पूर्ण प्रवासात त्याने हातातलं वर्तमानपत्र उघडलं नाही.

त्याला बायको होती, हेस्टर. यॉर्कशरमध्ये दोन दिवसांचं काम करून तो घरी परतला, तेव्हा ती गेलेली होती. त्याच्या आदल्याच महिन्यात ती हसत हसत म्हणाली होती, “तू घरीसुद्धा दोन दिवसांचा पाहुणा असल्यासारखा येतोस, ऑब्री. टॉवेल कुठं आहे ते विचारतोस.” हसत म्हणाली म्हणून तोही हसला होता. ती आधी तिच्या बहिणीकडे लीड्सला राहिली, मग न्यूझीलंडला गेली. लीड्सला गाडीने जायला फारसा वेळ लागत नाही. तो गेला नाही.

“पुन्हा विचारा,” प्रॉसरबाई म्हणाल्या.

त्याने पुन्हा विचारलं. मग आणखी एकदा. चौथ्यांदा की पाचव्यांदा त्या चूक न काढता पुढचं वाक्य वाचायला लागल्या, तेव्हा त्याला कळलं, जमलं असावं.

“इथंच. पलीकडच्या काठाला. रोज रात्री तुझा दिवा दिसायचा,” त्यांनी वाचलं.

“मग आली का नाहीस?”

“तू हाक मारली नाहीस.”

“आत ये. गारठा आहे बाहेर.”

पानं तिथेच संपत होती. निर्माते सगळी कथा कुणाला देत नाहीत. मोजकी पानं धाडतात. पण एडविन चित्रपटात पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे, एवढं ऑब्रीला ठाऊक होतं. असं काम त्याच्यासमोर या जन्मात प्रथमच आलं होतं.

*

दहाएक दिवसांनी फिलिपाचा फोन आला. फिलिपा त्याची एजंट. जुना एजंट वारल्यावर कपाट, खुर्ची आणि ऑब्री असं सगळं तिच्याकडे एकगठ्ठा आलं होतं.

“ऑब्री, डार्लिंग, त्यांना आवडलंय! अगदी आतून आवडलंय. फक्त परत एकदा हवंय, जरा अभिनय कमी करून. कमी म्हणजे कळलं ना?”

“कळलं.”

“आणि ती बाई कोण तुझ्याबरोबर वाचणारी? दिग्दर्शिका विचारत होती. म्हणाली, आवाज काय आहे!”

हे त्याने जिन्यातूनच ओरडून सांगितलं. प्रॉसरबाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हाताला पीठ होतं. “बघा,” त्या म्हणाल्या, “आणि शाळेत हेडमास्तर म्हणायचा, जरा हळू बोला.”

त्या दुपारी तव्यावर भाजलेले बेदाण्यांचे वेल्श केक होते, चहा होता, आणि काम कमी, गप्पा जास्त झाल्या. त्यांचा नवरा ग्विन बोटीवर आचारी होता. महिनोन्‌महिने समुद्रावर. घरी आला की पहिले दोन दिवस चुलीपाशी त्यांना फिरकू द्यायचा नाही आणि तिसऱ्या दिवशी दोघांचं कडाक्याचं भांडण. मुलगा आता कॅनडात. दर रविवारी फोन करतो. “फोनवर तो मला हवा सांगतो, मी त्याला हवा सांगते,” प्रॉसरबाई म्हणाल्या. “इथं पाऊस, तिथं बर्फ. अर्धा तास.”

“ग्विन गेले तेव्हा—” ऑब्रीने सुरुवात केली आणि त्याच्या लक्षात आलं, आपल्या तोंडात डॉक्टरचा आवाज आलाय. मऊ, खालच्या पट्टीतला, हजारदा वापरलेला. तो थांबला. केकचा तुकडा त्याने उगाच बशीत फिरवला.

“तेव्हा काही नाही,” प्रॉसरबाई म्हणाल्या. “बुधवार होता. मी बाजारातून आले. काढा तुमचा फोन.”

“तू हाक मारली नाहीस,” हे वाक्य त्यांनी त्या दिवशी इतक्या हळू वाचलं, की ते फोनमध्ये नीट उमटलंच नाही. पुन्हा करावं लागलं. दोघांनाही त्याची तक्रार नव्हती.

मग वाट बघणं आलं. ऑब्रीला वाट बघण्याची सवय होती. त्याच्या धंद्यात तेच मुख्य काम, मधेमधे अभिनय. पण या खेपेला वाट बघायला जोडीदार होता. सकाळी जिन्यात पावलं वाजली की खालचं दार किलकिलं व्हायचं. “काही?” “अजून नाही.” “करतील, करतील. माणसं तरी कुठं मिळतात अशी.” एकदा त्या कोबीचं सूप घेऊन वर आल्या. त्याच्या खोलीत भिंतीवर एकही फोटो नाही हे त्यांनी पाहिलं आणि पडदे धुवायला झालेत एवढंच म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात त्याने पडदे धुतले. एडविन कसा चालत असेल याचा विचार करत तो समुद्राच्या कडेने लांब लांब फिरायला लागला. कालव्याकाठी राहणारा माणूस खाली बघत चालेल, पाण्याकडे. एका दुपारी तो तसाच खाली बघत येत असताना एक म्हातारा आडवा आला आणि म्हणाला, “तुम्ही त्या विम्याच्या कचेरीत होतात ना?”

“नाही,” ऑब्री म्हणाला. “मी नट आहे.”

म्हातारा हिरमुसला. ऑब्रीला मात्र घरापर्यंत हलकं वाटत राहिलं.

*

फिलिपाचा फोन आला तेव्हा तो बटाटे सोलत होता.

“डार्लिंग, बसलायस ना?” ती म्हणाली, आणि त्याला पुढचं सगळं कळलं. अशा वाक्याने सुरू होणारे प्रसंग त्याने स्वतः इतके केले होते, की फिलिपाने श्वास कुठे घेतला, ‘पण’ कुठे टाकला, हे त्याला आधीच ऐकू येत होतं. तो त्यांच्या मनात अगदी शेवटपर्यंत होता. पण पैसा लावणाऱ्यांना मोठं नाव हवं होतं. बडे नट सर ज्युलियन मोकळे झाले. सर ज्युलियन म्हटल्यावर कोण काय बोलणार.

“चांगलं करतील ते,” ऑब्री म्हणाला.

“तू देवमाणूस आहेस. आणि ऐक, त्यांना तू चित्रपटात हवाच आहेस. पाद्री आहे एक. छान आहे. दोन दिवस.”

“हो म्हणून सांग.”

“विचार करायचा नाही?”

“नाही.”

त्याने उरलेले बटाटे सोलले. शिजत टाकले. मग गॅस बंद केला आणि टेबलाशी बसला. खालून प्रॉसरबाईंच्या टीव्हीचा आवाज येत होता. त्यांच्याकडे तो सकाळपासून चालूच असे, माणसाचा आवाज घरात असावा म्हणून. खाली जाऊन सांगायला हवं होतं. काम त्यांचंही होतं. वाक्य जुळवायला तो बसला. मिसेस प्रॉसर, ते दुसऱ्याला मिळालं. मिसेस प्रॉसर, होतं असं आमच्याकडे. सगळी वाक्यं नीट उमटत होती आणि प्रत्येकानंतरचं त्याला दिसत होतं: त्या अरेरे म्हणतील, चहा करतील, तो निघेल. मग उद्यापासून जिन्यात पावलं वाजली की खालचं दार किलकिलं व्हायचं काही कारण राहणार नाही. पुन्हा हवा आणि कचऱ्याचे डबे.

त्याने कपाटातून स्वच्छ सदरा काढून घातला, पानं घेतली आणि खाली उतरला.

प्रॉसरबाईंनी दार उघडलं. तो आत येत असताना त्यांनी टीव्ही बंद केला. हे त्या कधी करत नसत.

“काही?” त्या म्हणाल्या.

“त्यांना—” ऑब्री म्हणाला. “त्यांना परत एकदा हवंय.”

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. सदऱ्याकडे पाहिलं. मग खुर्ची ओढली.

“बसा तर मग. तुम्ही त्या बाजूला. उजेड तिकडून चांगला येतो.”

तो बसला. पानं त्याने त्यांच्यापुढे सरकवली. त्याची स्वतःची वाक्यं केव्हाच पाठ झाली होती. बाहेर ओहोटी होती आणि समुद्रपक्षी छपरावर कलकलत होते. काही न ठरवता तो वर बघून म्हणाला, “कुठे होतीस?”

आवाज त्याला ओळखू आला नाही. तो सार्जंट पिमचा नव्हता, डॉक्टरचा नव्हता, आणि एडविनसाठी त्याने समुद्रकाठी चालून चालून जो घडवला होता, तोही नव्हता.

“इथंच,” प्रॉसरबाईंनी वाचलं. “पलीकडच्या काठाला. रोज रात्री तुझा दिवा दिसायचा.”

“मग आली का नाहीस?”

“तू हाक मारली नाहीस.”

पुढचं वाक्य ऑब्रीच्या तोंडून निघेना. हेस्टरच्या लीड्सच्या बहिणीचा पत्ता त्याला अजून पाठ होता. घराचा आकडा, गल्ली, सगळं. त्याने ओठ हलवले. प्रॉसरबाई थांबून राहिल्या. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “आत ये. गारठा आहे बाहेर.”

प्रॉसरबाईंनी पानं नीट जुळवली, टेबलावर ठेवली आणि वर तळहात ठेवला.

“फोन काढलाच नाहीत तुम्ही,” त्या म्हणाल्या.

ऑब्रीने खिशाला हात लावला. फोन वर, बटाट्यांच्या सालांशेजारी राहिला होता.

“दुपारच्या बातम्यांत दाखवलं त्यांना,” प्रॉसरबाई म्हणाल्या. “ते सर कोण ते. कालव्यापाशी उभे होते, नवी कोरी टोपी घालून. नाकात बोलतात.”

“मोठे नट आहेत.”

“असतील.”

“तुम्हाला ठाऊक होतं, मग बोलला का नाहीत?”

“तुम्हीच म्हणालात ना, परत एकदा हवंय.” त्यांनी टेबलावरचा नसलेला चुरा झाडला. “मला वाटलं, तुम्हाला हवं असेल.”

त्याने मान खाली घातली. कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. मग तो म्हणाला, “मला पाद्री दिलाय. त्याच चित्रपटात. दोन दिवस.”

“काय करतो पाद्री?”

“एडविनला पुरतो.”

“हे बरं आहे,” प्रॉसरबाई म्हणाल्या. “खोल पुरा.”

तो हसला, या खेपेला मोठ्याने, आणि हसता हसता त्याला डोळे पुसावे लागले. त्या उठल्या नाहीत, चहाचंही बोलल्या नाहीत. पानांवरचा हात तसाच होता.

“पुढं काय होतं हो त्यांचं?” त्यांनी विचारलं. “ती आत येते, मग?”

“माझ्याकडे एवढीच पानं होती.”

“मग आता तुमचंच वाक्य आहे.”

ऑब्रीने तोंड उघडलं. बटलर, डॉक्टर, पाद्री, सगळ्यांची वाक्यं घशाशी येऊन परत गेली. ती दुसऱ्यांच्या घरांत, दुसऱ्यांशी बोलायची होती. समोर सत्तरी उलटलेली बाई होती, तिचे केस मागे जरा चपटे झाले होते, आणि ती वाट बघत होती.

“मला हे पाठ नाही,” तो म्हणाला.

“घाई नाही,” प्रॉसरबाई म्हणाल्या, आणि खुर्चीत मागे टेकून बसल्या.